दादाची एकतीस ठिकाणं

बिअर पोचवायची पण बिअर आवडायची नाही, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा सख्खा भाऊ होता. घोटभर घेतली तरी तोंड वाकडं करायचा. "कडू औषध प्यायचं तर निदान आजार तरी असावा," म्हणायचा. पण नाकाचा पक्का. ग्लास एकदा हुंगला की सांगायचा, पिंप किती दिवसांचं आहे, वाटेत कुठे उन्हात राहिलंय का, आणि ज्या नळातून बिअर आली तो नळ शेवटचा कधी धुतला होता. मी अकरा वर्षं एका मोठ्या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत काढली होती. हाताशी यंत्रं होती, तक्ते होते. तरी त्याचं नाक माझ्या यंत्रांच्या दोन पावलं पुढेच.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. बेकरीची गाडी चालवायचा. आई-बाबा लवकर गेले, त्यामुळे माझं शिक्षण त्या गाडीवर झालं. मी नोकरी सोडून स्वतःची छोटी ब्रुअरी काढायचं मनात आणलं तेव्हा सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. दादाने फक्त विचारलं, "जागा कशी लागते?" आणि पंधरा दिवसांत जागा शोधून आणली. एक बंद पडलेली लाँड्री.

"इथे?" मी म्हटलं.

"जमिनीला उतार बघ. पाणी टाकलं की सरळ गटारात. तू सांगत होतीस ना, तुमच्या धंद्यात बारा आणे काम धुण्याचंच असतं?"

खरंच होतं ते. आम्ही तिथे एक उकळायची कढई आणि दोन टाक्या बसवल्या, आणि भागीदारीच्या कागदावर दोघांची नावं घातली. मी बनवायची, तो पोचवायचा. महिन्याला पन्नास पिंपं, त्यातही कधी चार कमीच. तेव्हाच्या नियमात आमच्यासारख्या लहान लोकांना आपला माल आपल्या गाडीतून बारपर्यंत नेता यायचा, आणि शनिवारी दुपारी दारातल्या खिडकीतून बाटल्याही विकता यायच्या. त्या खिडकीवर वहिनी बसायची. वहिनीचा आणि माझा जन्म एकाच वर्षातला, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून अगंतुगं.

दादाची ठिकाणं होती एकतीस. बार, दोन-तीन खानावळी, नदीच्या पुलाजवळचं एका म्हाताऱ्या बाईचं छोटं मद्यालय. तिला सगळे मावशी म्हणायचे. तिच्याकडे दादा मंगळवारी बरोबर पावणेदहाला पोचायचा, म्हणून तिने त्याचं नावच 'पावणेदहा' ठेवलं होतं. तो नुसतं पिंप ठेवून पावती घेऊन निघणारा नव्हता. आधीचं पिंप किती उरलंय बघायचा, नळाची नळी सोडवून ब्रशने घासायचा, पहिला ग्लास हुंगायचा. सहा आठवड्यांपेक्षा जुनं काही दिसलं तर बिनबोलता परत घेऊन यायचा. मी चिडायचे. "अरे, चांगली आहे ती अजून!" तो म्हणायचा, "तुला चांगली आहे. जो पहिल्यांदा पिणार त्याला ही आपली पहिली ओळख आहे."

त्याच्यात एक खोड होती. कुठलीही गोष्ट मुळापासून सांगायची. वहिनी म्हणायची, "यांना भाजी काय आणली विचारलं, तर आधी पिशवी कुठल्या खुंटीला होती ते सांगतात." चऱ्हाट लागलं की आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसायचो. तोही हसायचा आणि मागचा धागा न सोडता पुढे चालू ठेवायचा.

नवव्या वर्षी परवाना खात्याच्या निरीक्षक बाई आल्या. त्या दर तीन महिन्यांनी यायच्याच. टाकीवरचं सील तपासायचं, किती बनवलं आणि किती बाहेर गेलं ते ताडून बघायचं, चहा नको म्हणायचं आणि जायचं. त्या दिवशी चहा घेतला.

"वरून नवा नियम येतोय," त्या म्हणाल्या. "बनवणारा वेगळा, नेणारा वेगळा, विकणारा वेगळा. एकाने दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही. तुम्हाला माल परवानाधारक वितरकाकडेच द्यावा लागेल. खिडकीही बंद."

"पण आम्ही काय केलंय?" दादाने विचारलं.

"तुम्ही काही नाही केलं. काही बड्या लोकांनी स्वतःचेच बार काढले आणि तिथे दुसऱ्या कुणाचा माल ठेवू देईनात. काही ठिकाणी कर न भरता गाड्या जात होत्या. त्याला आळा घालायचाय."

"म्हणजे सुक्याबरोबर ओलं," मी म्हटलं.

बाईंनी कप खाली ठेवला. "सुनावणी आहे पुढच्या महिन्यात. या. बोला. लेखी दिलंत तर आणखी चांगलं."

सुनावणीत एका ब्रुअरीतर्फे एकानेच बोलायचं होतं. मी बोलणार हे मी धरूनच चालले होते. पण दादा म्हणाला, "चिंगे, नेणारा मी आहे ना? मी बोलतो." उभ्या आयुष्यात त्याने मला मागितलेली ही पहिली गोष्ट. नाही कसं म्हणणार? तीन आठवडे तो गाडीत एकटाच मोठ्याने बोलत फिरला. चार कागद लिहिले, दोन्ही बाजूंनी. मावशीला वाचून दाखवले. मला दाखवायला लाजला.

सभागृह मोठं होतं, खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या. समोर पाच जणांची समिती, टेबलावर एक घंटी. प्रत्येकाला तीन मिनिटं. वितरकांच्या संघटनेचा वकील अडीच मिनिटांत सगळं बोलून, पाणी पिऊन बसलासुद्धा. मग दादाचा नंबर आला. इस्त्रीचा शर्ट घातला होता. कागद हातात होते, पण त्याने त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"नमस्कार. पिंप रिकामं असतं तेव्हा ते साधारण तेरा किलो असतं. भरलं की त्रेसष्ट. ते आडवं ठेवायचं नाही. आमची लाँड्री होती, म्हणजे आधी लाँड्री होती, तिथे मागच्या बाजूला सावली असते सकाळी, तर गाडी मी तिथे लावतो. आमच्या बिअरमध्ये यीस्ट जिवंत असतं. माझी बहीण ते तापवून मारत नाही. आता जिवंत गोष्ट म्हटली की..."

मागे कुणीतरी हसलं. तो थांबला, हसणाऱ्याकडे बघून स्वतःही थोडं हसला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मावशीकडच्या पायऱ्यांपर्यंत आला, तिच्या नळाच्या नळीला कसली बुरशी धरते तिथपर्यंत आला, आणि घंटी वाजली.

"आपला मुद्दा काय?" अध्यक्षांनी विचारलं. वाईट माणूस नव्हता, थकलेला होता.

"तिथेच येतोय साहेब."

"वेळ संपला. लेखी असेल तर देऊन जा."

त्याने ते चार कागद पुढे ठेवले, "धन्यवाद" म्हणाला आणि खाली बसला. त्या कागदांचं पुढे काय झालं, ते मला कधीच कळलं नाही.

परतताना पहिल्या सिग्नलला त्याने गाडी थांबवली. मग म्हणाला, "मी जरा लवकर मुद्द्यावर यायला हवं होतं का गं?"

मी म्हटलं, "हो."

एवढंच म्हटलं. आणखी काही म्हणता आलं असतं.

नियम लागू झाला. आमच्या भागात वितरक दोन. एकाने इतका थोडा माल घ्यायला नकार दिला. दुसऱ्याने घेतला, पण करार आठ वर्षांचा. एकदा सही केली की मधे दुसऱ्याकडे जाता येणार नाही, असं कायद्यातच होतं. माझ्याच टाकीतली बिअर मला पाहुण्यांना द्यायची तर मी ती वितरकाकडून विकत आणायची. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं.

दादाची गाडी मागच्या सावलीत उभी राहिली. तो रोज यायचा, पिंपं धुवायचा, फरशी झाडायचा. वितरकाचा ट्रक आला की दारात जाऊन उभा राहायचा. हमाल पिंपं आडवी टाकायचे.

"उभी ठेवा रे. आणि गोदामात थंड खोलीत ठेवाल ना?"

"काका, आम्ही सिमेंटच्या गोणीपासून सगळं नेतो. काही होत नाही."

चौथ्या महिन्यात मावशीचा फोन आला. "पोरी, वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय."

मी धावत गेले. वास होताच, गरम जागेत पडून शिळ्या झालेल्या बिअरला येतो तसा. पिंपाच्या गळ्यावरची तारीख पाहिली, तर नऊ आठवड्यांपूर्वीची. त्याच महिन्यात नऊ ठिकाणांनी आमचा माल बंद केला. मी वितरकाच्या गोदामात गेले. ऑफिसच्या पुढे जमिनीवर एक पिवळी रेघ होती. बनवणाऱ्याने ती ओलांडायची नाही, असा नियमच. व्यवस्थापकाने तिथूनच सांगितलं, "थंड खोली मोठ्या कंपनीने पूर्ण भाड्याने घेतलीय. तुमच्या पन्नास पिंपांसाठी मी कुणाला बाहेर काढू?" मी तक्रार केली. उत्तर आलं, माल गोदामातच खराब झाला याचा पुरावा जोडा. पुरावा रेघेच्या पलीकडे होता.

दोन-तीन आठवड्यांनी एका दुपारी दादा एक कागद घेऊन आला. मी टाकी धुवत होते, गुडघ्यापर्यंत ओली.

"चिंगे, इथे सही लागेल तुझी."

"कसली?"

"भागीदारीतून बाहेर पडतोय मी."

मला वाटलं, थट्टा करतोय. "आणि करणार काय?"

"वितरकाच्या गोदामात काम धरलंय. सोमवारपासून. आपल्या धंद्यात हिस्सा असला तर तिथे नोकरीला घेत नाहीत. नियम आहे तसा."

"त्या माणसाकडे? जो आपला माल सडवतोय?"

"त्याचं असं झालं," तो पालथ्या बादलीवर बसला, "परवा मी टायर दाखवायला गॅरेजवर गेलो होतो. मागचा डावा टायर, तुला आठवतंय, आपण पावसाळ्याआधी बदलला होता. तर तिथे गोदामाचा मुकादम..."

"दादा, टायर नको. मुद्द्यावर ये."

त्याने माझ्याकडे बघितलं.

"मुद्दा एवढाच," तो म्हणाला. "सही कर."

मला भान राहिलं नाही. मी म्हटलं, घर फिरलं की घराचे वासे फिरतात हे माहीत होतं, पण आढंच फिरेल असं वाटलं नव्हतं. म्हटलं, तुला काय, तुला तर बिअर कधी आवडलीच नाही. आणखी बोलले ते इथे लिहवत नाही. सही अशी जोरात केली की कागद फाटला. त्याने तो नीट जुळवून पाकिटात घातला. दारापाशी थांबून म्हणाला, "ती जवाची पोती खिडकीपासून सरकव. भिंतीला ओल येते तिथे." आणि गेला.

दुसऱ्या दिवशी वहिनी डबा परत न्यायला आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "वन्सं, तुमचा चमचा राहिला होता आमच्याकडे." वन्सं! तुमचा! एकोणीस वर्षांत ती मला अशी कधी बोलली नव्हती. मीही म्हटलं, "ठेवा तिथे."

त्यानंतर वीस महिने आमचं येणंजाणं बंद.

आता जे सांगणार आहे, ते सांगताना मला आजही मान वर करता येत नाही. त्या वीस महिन्यांत बिअर सुधारली. मी जिद्दीला पेटले होते. नवं यीस्ट आणलं, उकळण्याचा वेळ बदलला, पिंपं दुप्पट धुतली. मावशी म्हणाली, "पुठ्ठ्याचा वास गेला गं!" सोडून गेलेल्या नऊमधले सहा परत आले. लहान ब्रुअऱ्यांच्या स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला, तेव्हा मंचावर उभं राहून मी नव्या यीस्टबद्दल दहा मिनिटं बोलले. मनात म्हणत होते, बघ, तुझ्यावाचून काही अडलं नाही.

त्या काळात दादा मला एकदाच भेटला. औषधाच्या दुकानात, रांगेत, माझ्या पुढे दोन माणसं सोडून. गोदामाचं निळं जाकीट अंगात, हातांना भेगा पडलेल्या. त्याने मागे वळून पाहिलं. मी खोकल्याच्या बाटलीवरचं लेबल वाचायला लागले.

"बरी आहेस?" त्याने विचारलं.

"आहे."

"त्या दुसऱ्या टाकीची झडप अजून आवाज करते?"

"बदलली."

"हां. बरं केलंस." त्याने औषधं घेतली, खिशात घातली, आणखी काही आठवतंय का अशा चेहऱ्याने जरासा थांबला आणि निघून गेला. औषधं कसली, तेही मी विचारलं नाही.

विसाव्या महिन्यात, एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला वहिनीचा फोन आला. "या," एवढंच म्हणाली. हॉस्पिटलात पोचले तेव्हा ती बाकावर त्याचं निळं जाकीट मांडीवर घेऊन बसली होती. घडी घालत होती, मोडत होती. डॉक्टर म्हणाले, हृदय. गोदामातच कोसळला होता. एकसष्ट वर्षांचा होता.

काही दिवसांनी त्याचं सामान आणायला आम्ही दोघी गोदामात गेलो. वहिनी माझ्याशी बोलत नव्हती, पण एकटीने जायचं धाडस तिला होत नव्हतं. मुकादम भेटला. जाडजूड माणूस, आवाज मात्र बारीक. पिवळ्या रेघेपाशी मी थांबले.

"या आत," तो म्हणाला. "आज नियम मी बघून घेतो."

त्याने आम्हाला थंड खोलीत नेलं. दारावरच्या प्लास्टिकच्या जाड पट्ट्या बाजूला केल्या. मोठ्या कंपनीच्या पिंपांच्या भिंतीच भिंती. त्यांच्या मागे, अगदी कोपऱ्यात, माझी पिंपं. चाळीसेक असतील. सगळी उभी. प्रत्येकावर खडूने तारीख घातलेली, जुनी पुढे, नवी मागे. त्या तारखांतला ९ मी कुठेही ओळखला असता. दादा नऊ काढताना शेपूट उलटं काढायचा. शाळेत माझा नऊही त्यामुळेच चुकायचा.

"हे काय आहे?" मी विचारलं. कळलं होतं, तरी विचारलं.

"गॅरेजवर भेटले होते मला," मुकादम म्हणाला. "तासभर बोलत होते. टायरपासून सुरुवात केली त्यांनी. मला कळेना, हा माणूस मागतोय तरी काय. शेवटी कळलं, थंड खोलीत एक कोपरा मागतोय. खोली धुवायचं, बर्फ खरवडायचं काम इथे कुणी करायला तयार नसतं. म्हणाले, ते मी करतो, वरचा पगार नको, त्या बदल्यात कोपरा द्या. व्यवस्थापकांनी कानाडोळा केला. पण अट अशी, की बोंबाबोंब नको. कंपनीने खोली पूर्ण भाड्याने घेतलीय. त्यांना कळलं तर कोपरा गेला."

"ट्रक आला की तो..."

"तुमचा ट्रक आला की चहाच्या सुट्टीत. एकेक पिंप, तळाच्या कडेवर कलतं करून फिरवत न्यायचे. ढकलगाडी या कोपऱ्यापर्यंत येत नाही. मी पोरं देतो म्हटलं, तर म्हणायचे, ती पिंपं आडवी टाकतात."

मी वहिनीकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि डॉक्टरांनी..."

"थंडीत जाऊ नका म्हणाले होते. सहा महिने झाले त्याला." ती पिंपांकडे बघत होती, माझ्याकडे नाही. "मी तुम्हाला सांगायला निघाले होते, वन्सं. दोनदा चप्पल घातली. त्यांनी अडवलं. म्हणाले, तिला कळलं तर ती तिथे येऊन भांडेल, आणि भांडून पिंपं गार होत नाहीत."

मी एका पिंपावर हात ठेवला. इतकं गार होतं की हात चिकटतो की काय असं वाटलं. मला यीस्ट आठवलं. मंच आठवला. ती दहा मिनिटं आठवली. मी तिथेच खाली बसले. मुकादम म्हणाला, "बाई, फार वेळ नका बसू आत." वहिनीने मला उठवलं नाही. पण ती बाहेरही गेली नाही. माझ्या शेजारी उभी राहिली, दोघींच्या तोंडातून वाफ येत होती.

मुकादमाने तो कोपरा आणखी तीन आठवडे सांभाळला. मग मोठ्या कंपनीचा माल वाढला आणि माझी पिंपं बाहेर गेली. दीड महिन्यात पुठ्ठ्याचा वास परत आला. नवं यीस्ट तेच होतं, उकळायचा वेळ तोच होता. मी काहीही बदललं नव्हतं. लोक म्हणाले, भाऊ गेला, मन लागत नसेल हिचं. मी कुणाला काही सांगितलं नाही. अठ्ठाविसातली अकरा ठिकाणं उरली.

निरीक्षक बाई तिमाहीच्या तपासणीला आल्या तेव्हा मी त्यांना बसवलं आणि सांगायला लागले. लाँड्रीपासून सुरुवात केली. त्यांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. दीड तासाने त्या म्हणाल्या, "तारखा आहेत?" मी तारखा दिल्या. कोपरा होता तेव्हाच्या, आणि नव्हता तेव्हाच्या. मुकादमाने सही करून जबानी दिली. त्याबद्दल त्याला तिथली नोकरी सोडावी लागली. बाईंनी आपला अहवाल वर पाठवला.

दादामुळे नियम बदलला असं मी म्हणणार नाही. इतर गावांतल्या छोट्या लोकांनीही ओरड केली होती, कुणी कोर्टातही गेलं होतं. पण दीड वर्षाने सवलत आली. वर्षाला ठरावीक पिंपांच्या आत बनवणाऱ्यांना आपला माल आपल्या गाडीतून नेता येईल. आठ वर्षांचा करारही त्यांच्यापुरता सुटला. नवा परवाना द्यायला बाई स्वतः आल्या. माझ्या हातात देताना म्हणाल्या, "उशीर झाला." मी म्हटलं, "तुमच्याकडून नाही झाला." त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी नाही.

गाडी दुरुस्त करून घेतली. बंद पडून पडून तिच्यात उंदरांनी घर केलं होतं. पहिल्या मंगळवारी मी चाकामागे बसले. मला नीट चालवताही येत नव्हती. गिअर बदलताना सगळी गाडी शिंकल्यासारखी हलायची. किल्ली फिरवली, तेवढ्यात शेजारचं दार उघडलं आणि वहिनी आत येऊन बसली. मांडीवर नळ्या धुवायचे ब्रश.

मी काही बोलणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका हं, वन्सं. यांच्या जागी तुम्ही एकट्या बसून फिरताय हे मला घरातून बघवणार नाही, म्हणून येतेय."

"बरं," मी म्हटलं.

त्या दिवशी आम्ही सहा ठिकाणी गेलो. कुठे मागच्या दाराने जायचं, कुठल्या बारवाल्याला आधी पावती दाखवायची, कोण दुपारी झोपतो, मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. वहिनीला बरंचसं माहीत होतं. तो रोज जेवताना सगळं सांगायचा म्हणे, मुळापासून. चौथ्या ठिकाणच्या नव्या मालकाने विचारलं, "आधी एक गृहस्थ यायचे असं ऐकलंय. ते काय करतात हल्ली?"

मी पिंपावर वाकले होते. वहिनी नळाची नळी सोडवत होती. ती म्हणाली, "गेले ते," आणि ब्रश आत घालून घासायला लागली.

आता आठवड्यातून दोन दिवस आम्ही जातो. ठिकाणं चौदा झाली आहेत. गाडीत आम्ही फार बोलत नाही. कधीकधी एखाद्या वळणावर ती सांगते, इथे ते असं म्हणाले होते, आणि मी गाडी हळू करते. सांगून होईपर्यंत मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देते.